हिमकड्याचे दोन भार

चारशे अकरा मोठे की एकशे एकोणनव्वद? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! पहिलीतले मूलसुद्धा चटकन सांगेल. पण बाळांनो, त्या दिवशी चंद्रावरच्या हिमकडा वस्तीत हाच हिशेब अकरा वर्षांच्या कालिंदीच्या घशात अडकून बसला होता आणि काही केल्या खाली उतरत नव्हता.

हिमकडा म्हणजे चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी, एका खोल विवराच्या (उल्का आदळून पडलेल्या खड्ड्याच्या) काठावरची चिमुकली वस्ती. विवराच्या तळाशी ऊन कधी पोचतच नाही, त्यामुळे तिथे युगानुयुगांचा बर्फ साठलेला. हिमकड्याची माणसे तो बर्फ कापत आणि चंद्रावरच्या बाकीच्या दोन वस्त्यांना पाणी पुरवत. त्यातली मोठी वस्ती पाताळपूर. ती एका लाव्हा-नळीत (फार पूर्वी वाहून गेलेल्या तप्त रसाने मागे ठेवलेल्या बोगद्यात) वसलेली. दुसरी दर्पणवाडी. ती चंद्राच्या पाठीकडे, पृथ्वी कधीच दिसत नाही तिथे, दुर्बिणींची राखण करत बसलेली.

या तिन्ही वस्त्यांचा मिळून एक अध्यक्ष. त्याच्या निवडणुकीचा निकाल ऐकायला सगळा हिमकडा सामायिक स्वयंपाकघरात जमला होता. निकाल वाचत होता गणोबा. गणोबा हा यंत्रमानव. त्याचे खरे काम पोळ्या लाटण्याचे, पण आकडे वाचायची त्याला भारी हौस.

"एकूण मते सहाशे," गणोबा लाटणे न थांबवता म्हणाला. "मंदाकिनी शेजवळ, चारशे अकरा. हर्षवर्धन ताटके, एकशे एकोणनव्वद. अध्यक्षपदी निवडून आले, हर्षवर्धन ताटके. पोळी गरम आहे, घ्या."

एकच जल्लोष झाला. बर्फ कापणाऱ्या भिकूकाकांनी हातातला लाडू वर भिरकावला. तो छताला लागून, चंद्रावर पडतो तसा सावकाश खाली आला, आणि त्यांनी तो तोंडानेच झेलला.

आनंदाला कारणही तसेच होते. पृथ्वीवरून एकच नवे प्राणयंत्र (पाण्यात वीज सोडून त्यातला प्राणवायू वेगळा करणारे यंत्र) येणार होते. हिमकड्याचे जुने यंत्र आता धापा टाकत होते. ते फार तर चार-पाच माणसांना पुरले असते. ताटके म्हणाले होते, नवे यंत्र हिमकड्याला देऊ. शेजवळबाई म्हणाल्या होत्या, पाताळपुरात हवा फार विरळ झाली आहे, यंत्र तिथे हवे, आणि हिमकड्याची बहुतेक माणसे तिकडे राहायला आणावी लागतील. म्हणजे ताटके निवडून आले तर घर राहणार, नाहीतर उठणार. कालिंदीला एवढे पक्के ठाऊक होते.

"आपल्या इथे शेजवळबाईंना एक मत पडलंय बरं का," भिकूकाका डोळे मिचकावत म्हणाले. "वीस मतांत एक! कोण हो तो घरभेद्या? पुढे या, लाडू देतो."

सगळे हसले. कालिंदीही हसली. तिची आई तेवढी मान खाली घालून वाढत राहिली.

कालिंदीने लगेच पाताळपूरला बकुळशी संपर्क जोडला. बकुळ तिची मामेबहीण, तिच्याच वयाची. पडद्यावर बकुळ दिसली ती 'दाट खोली'च्या दाराशी बसलेली. पाताळपुरात हवेतला प्राणवायू इतका कमी झाला होता, की लहान मुलांना आणि आजारी माणसांना पाळीपाळीने एका खोलीत निजवावे लागे. तिथे तेवढी हवा दाट ठेवलेली. बकुळचा चार वर्षांचा भाऊ सोमू आत होता. त्याचा खोकला दाराबाहेर ऐकू येत होता.

"अभिनंदन," बकुळ म्हणाली. "तुमचं घर राहिलं."

"तू अशी का बोलतेस गं?"

"कशी बोलू? माझी पाळी पण मी सोमूला दिली, तरी त्याचे ओठ निळे दिसतात." बकुळने गुडघ्यांवर हनुवटी टेकवली. "मला एवढंच सांग, कालिंदी. चारशे अकरा लोकांना शेजवळबाई हव्या होत्या ना? मग त्या हरल्या कशा? बाबांना विचारलं तर ते उठून निघूनच गेले."

बकुळने वाट पाहिली, आणि मग पडदा काळा झाला.

कालिंदी तडक आजोबांकडे गेली. त्र्यंबकआजोबा बर्फाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. आईचे वडील, म्हणजे बकुळ आणि सोमूचेही आजोबाच. तिचा प्रश्न ऐकून त्यांनी टेबल मोकळे केले. मग म्हणाले, "गणोबाकडून नऊ वाट्या आण. आणि वाटाण्याचा डबा."

वाट्या टेबलावर मांडून आजोबा सांगू लागले.

"आपल्याकडे अध्यक्ष थेट मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक वस्तीला काही 'मतभार' दिलेले आहेत. भार म्हणजे त्या वस्तीच्या शब्दाला असलेली किंमत. वस्तीत ज्याला जास्त मतं, त्याला त्या वस्तीचे सगळे भार. एकूण भार नऊ. ज्याला निम्म्याहून जास्त, म्हणजे पाच, मिळाले तो अध्यक्ष. पाताळपूरला चार, दर्पणवाडीला तीन, आपल्याला दोन. आता बघ. वस्त्या नव्या होत्या, तेव्हा पाताळपुरात मत देणारी माणसं होती चाळीस, दर्पणवाडीत तीस, हिमकड्यात वीस. घाल वाटाणे."

कालिंदीने मोजून घातले. "प्रत्येक वाटीत दहा!"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे सारखे."

"सारखे. तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. आता आजचे घाल. आपण अजून वीसच. दर्पणवाडी चाळीस. आणि पाताळपूर पाचशे चाळीस."

आपल्या दोन वाट्यांत दहा-दहा वाटाणे आरामात बसले. दर्पणवाडीच्या वाट्यांत तेरा-चौदा. पण पाताळपूरच्या चार वाट्या बघता बघता भरल्या, शिगोशीग झाल्या, आणि मग वाटाणे काठावरून घरंगळून, तरंगत तरंगत जमिनीवर सांडू लागले. एकेका वाटीच्या वाट्याला एकशे पस्तीस!

"आपल्या एका वाटीमागे दहा माणसं, त्यांच्या एका वाटीमागे एकशे पस्तीस," आजोबा म्हणाले. "म्हणजे हिमकड्यातलं एक मत पाताळपूरच्या साडेतेरा मतांना भारी. पाताळपूरचे चार भार शेजवळबाईंना गेले. दर्पणवाडीचे तीन आणि आपले दोन ताटक्यांना. चार आणि पाच. झाला निकाल."

"पण माणसं वाढली तेव्हा वाट्या का नाही वाढवल्या?"

"मुद्दामच नाही वाढवल्या. पहिल्या काळात हवा अगदी मोजकी होती. माणसं वाढली की भार वाढणार असं ठरलं असतं, तर अध्यक्षपदाच्या हव्यासापायी प्रत्येक वस्तीने माणसं वाढवली असती, आणि सगळेच गुदमरले असते. जो बेताने राहिला, त्याचं नुकसान. म्हणून भार गोठवून टाकले. पृथ्वीवर भारतातही असंच काहीसं झालं होतं. तिथे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदारांच्या मताला मूल्य असायचं. ते राज्याच्या लोकसंख्येवरून काढत, पण लोकसंख्या धरायची एकोणीसशे एकाहत्तर सालची. ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली, त्यांना शिक्षा होऊ नये म्हणून. आणि अमेरिकेत प्रत्येक राज्याला, मग ते केवढंसंही असो, अध्यक्ष निवडणारे दोन जादा प्रतिनिधी मिळत. देशभरात जास्त मतं मिळवूनही माणूस हरला, असं तिथे एकदा नाही, अनेकदा घडलं."

कालिंदी खाली बसून वाटाणे वेचू लागली. एक वाटाणा तिने पाताळपूरच्या ढिगातून उचलला आणि हिमकड्याच्या वाटीत टाकला. मग पुन्हा काढून ढिगात ठेवला. असे तिने दोन-तीनदा केले.

"आजोबा, बकुळ इथे राहायला आली, तर मोठेपणी तिचं मत जड होणार?"

"होणार."

"आणि परत गेली की हलकं?"

"हो, बाळ."

"पण बकुळ तर तीच असेल ना!"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. चंद्रावरच्या घरात धूळ फार, पण त्या वेळी काचेवर धूळ नव्हती.

"तीच असेल," ते हळूच म्हणाले.

"मग नुसती डोकी मोजावीत. सोपं आहे."

"निम्मं सोपं आहे. समज, नुसती डोकी मोजली. उद्या पाचशे चाळीस जण म्हणाले, हिमकडा उठवा, तर आपण वीस जण काय करणार? इथली थंडी, इथलं एकटेपण त्यांना काय माहीत? जुन्या लोकांना हीच भीती होती. थोड्यांचं घर पुष्कळांनी सहज मोडू नये, ही भीती खोटी नव्हती गं. चुकलं ते पुढे. प्रश्न दोन होते आणि त्यांनी ते एकाच वाटीत कालवले. सगळ्यांचा अध्यक्ष कोण, हा एक प्रश्न. तिथे माणूस तितकं मत, आणि सगळी मतं सारखी. कुणाचं घर उठवायचं का, हा निराळा प्रश्न. तिथे त्या घराचा होकार हवा. घराला कुंपण हवं होतं. त्यांनी मतालाच जड करून ठेवलं."

"तुम्ही ताटक्यांना मत दिलंत?"

"दिलं. शिक्का मारताना तुझ्या आजीची पावलं डोळ्यांपुढे आली."

आजीच्या पावलांचे सांगायला हवे. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. धुळीत उमटलेले पाऊल पुसतच नाही. कालिंदीची आजी रोज सकाळच्या घंटेला पोशाख घालून विवराच्या काठावर जाई आणि सूर्याला नमस्कार करी. आजी गेली त्याला तीन वर्षे झाली. पण काठावर तिची पावले कालच उमटल्यासारखी होती. जोडीने, थोडी आत वळलेली. आईने आजीचा तो नेम पुढे चालवला होता. ती पावलांच्या शेजारी उभी राही आणि त्यांवर आपले पाऊल पडू न देता हात जोडी.

दुसऱ्या सकाळी कालिंदीही आईबरोबर काठावर गेली. क्षितिजाला टेकून निळी पृथ्वी दिसत होती. सूर्य जमिनीलगत सरकत होता आणि दोघींच्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या.

"आई," कालिंदीने शिरस्त्राणातल्या ध्वनियंत्रातून हाक मारली, "आता काही करता येतं का गं?"

"येतं. शपथविधीच्या आधी कुठलीही वस्ती आपले भार उतरवून ठेवू शकते. नियम आहे तसा. आजवर कुणी उतरवले नाहीत."

"आपण उतरवले तर?"

"चार आणि तीन. शेजवळबाई."

"आणि हे?" कालिंदीने पावलांकडे पाहिले.

आई नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभी राहिली.

दुपारच्या जेवणाला आजोबा उठून उभे राहिले. म्हणाले, "मला जरा बोलायचंय." सगळे थांबले. आजोबांनी तोंड उघडले, पण शब्द फुटेना. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण हातातली वाटी नुसतीच फिरवत राहिला.

मग कालिंदीच उठली. मुलांना तिथे मत नव्हते, पण बोलायला मनाई नव्हती.

"बकुळने मला विचारलं, जास्त मतं मिळून आम्ही हरलो कसे? मला आता कळलंय, पण ते तिला सांगायची लाज वाटते. ती इथे आली तर साडेतेरा माणसांएवढी, आणि तिथे राहिली तर एक. का? ती तीच आहे ना?"

"पोरी, घर जाईल आपलं," भिकूकाका म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता. "त्या बिळात जाऊन राहायचं? आभाळ नाही, काही नाही. तीस वर्षं बर्फ कापला मी इथे. त्यांच्या घशाखाली उतरला तो प्रत्येक घोट माझ्या हातचा. त्याची काही किंमत?"

"आहे," आई म्हणाली. आई सभेत कधी बोलत नसे, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले. "भिकूदादा, ते एक मत माझं होतं. घरभेदी मीच."

गणोबाचे लाटणे थांबले.

"सोमू माझा भाचा आहे म्हणून दिलं, असं वाटेल तुम्हाला. थोडं तसंही असेल. पण दादा, आज बर्फ कापायची पाळी कुणाची होती?"

"माझी."

"मग तुमचा पेला अजून रिकामा का?"

भिकूकाकांनी आपल्या पेल्याकडे पाहिले. हिमकड्याची ही जुनी रीत. ज्याच्या पाळीत बर्फ कापला, तो पाणी सगळ्यांच्या शेवटी पितो. पाणी ज्याच्या हातात आहे, त्याने आधी स्वतःचा पेला भरला, तर बाकीच्यांना कधीच खात्री वाटणार नाही, की वाटणी सरळ झाली. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती, आणि कुणी कधी मोडलीही नव्हती.

"पाण्याच्या बाबतीत आपण कधी आधी प्यायलो नाही," आई म्हणाली. "या वेळी अध्यक्ष ठरवणं आपल्या हातात आलं, आणि आपण पहिल्यांदा आपलाच पेला भरला. मला तो घोट घेववत नाही. बाकी तुमची मर्जी."

ती खाली बसली.

"सगळेच भार सोडायचे?" फरीदामावशींनी विचारले. त्या हिमकड्याच्या डॉक्टर. "आपला रास्त वाटा तरी ठेवू. सहाशेत वीस."

"तिसावा हिस्सा होतो," आजोबांना आता आवाज सापडला होता. "पण भाराचे तुकडे करायची सोय नियमात नाही. ठेवायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. या खेपेला आपलं कुणाचंच मत मोजलं जाणार नाही."

मग फरीदामावशींनी हात वर केला. मग आजोबांनी. एकेक करत हात वर येत गेले. काहींचे आलेच नाहीत, आणि त्यांना कुणी नावे ठेवली नाहीत. भिकूकाकांनी सगळ्यांच्या शेवटी आपला पेला भरला, ते सावकाश पाणी प्यायले, मग त्यांनी तो पालथा घातला आणि कुणाकडेही न बघता हात उचलला.

भार उतरले. शेजवळबाई अध्यक्ष झाल्या. नवे यंत्र पाताळपूरला गेले.

निघायचा दिवस आला. बर्फ राखायला चार माणसे मागे राहणार होती. जुने यंत्र तेवढ्यांनाच पुरणारे. आजोबा त्यांतले एक. भिकूकाका दुसरे. कालिंदीने आजोबांच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

"तुम्ही पण चला ना."

"पाणी राखायला माणूस लागतो, बाळ. आणि ही म्हातारी हाडं आता कुठे उड्डाणं सोसणार?" आजोबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "सोमूला सांग, आजोबांनी विचारलंय, तुझे ओठ कुठल्या रंगाचे?"

पाताळपूरचे घर चांगले होते, उबदार होते. पण त्याला खिडकी नव्हती. पहिले कितीतरी दिवस आई सकाळच्या घंटेला उठून बोगद्यात जाई आणि कुठे तोंड करून उभे राहावे हे न कळून घुटमळे. शेवटी बकुळने होकायंत्र न चालणाऱ्या त्या चंद्रावर नकाशावरून दक्षिण, म्हणजे हिमकड्याची दिशा, शोधून काढली आणि जमिनीवर खडूने बाण काढून दिला. आई त्या बाणाशी उभी राहून हात जोडू लागली. कालिंदीला ते पाहवत नसे. ती पांघरुणात तोंड खुपसून पडून राही.

मग एक दिवस शेजवळबाई शाळेत आल्या. उंच, सावळ्या, थकलेल्या डोळ्यांच्या. त्यांनी मुलांना सांगितले, की अध्यक्षाच्या निवडणुकीतले भार आता कायमचे जात आहेत. माणूस तिथे मत, पाताळपुरात असो की दर्पणवाडीत. आणि त्याबरोबर दुसरा नियमही येत आहे. कुठलीही वस्ती उठवायची, तर आधी तिथल्या लोकांचा होकार घ्यायचा. मते कितीही असोत, होकाराशिवाय नाही.

"हे दोन नियम वेगवेगळे का, कोण सांगेल?" त्यांनी विचारले.

कालिंदी उभी राहिली. वाट्या नव्हत्या, वाटाणे नव्हते, पण तिने सगळे नीट सांगितले. दोन प्रश्न एका वाटीत कालवले की काय होते, तेही सांगितले. बोलून झाल्यावर ती खाली बसली नाही.

"बाई, दुसरा नियम आधीच असता, तर काय झालं असतं?"

शेजवळबाई तिच्याजवळ आल्या. ही मुलगी कुठली, हे त्यांना तेव्हा उमगले असावे.

"तर मला हिमकड्याला यावं लागलं असतं. तुमच्या स्वयंपाकघरात बसून विचारावं लागलं असतं."

"आम्ही हो म्हटलं असतं," कालिंदी म्हणाली. "पण तुम्ही विचारलेलं बरं वाटलं असतं."

शेजवळबाई मुलांच्या बुटक्या बाकावर, तिच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या.

"जुनं यंत्र दुरुस्त करायला पृथ्वीवरून माणसं बोलावली आहेत," त्या म्हणाल्या. "जमेल की नाही, मला ठाऊक नाही. जमलं, तर ज्यांना परत जायचंय त्यांनी जावं. तुला जायचंय का?"

कालिंदीने दाराकडे पाहिले. दाराबाहेर बकुळ सोमूचा हात धरून तिची वाट पाहत उभी होती, आणि सोमू तिचा हात सोडवून घ्यायला बघत होता. त्याला पळायचे होते.

"मला थोडा वेळ द्याल?" तिने विचारले.

"हवा तेवढा," अध्यक्ष म्हणाल्या. "विचारलंय तुला. उत्तर आता तुझं."